बैठक आधी की निर्णय आधी?

बातम्यांत दोन वाक्यं आलटून-पालटून येतात: ‘मंत्रिमंडळाने निर्णय घेतला’ आणि ‘पंतप्रधानांनी निर्णय घेतला’. आपण दोन्ही एकाच अर्थाने वाचतो आणि पुढे सरकतो. संसदीय राज्यपद्धतीत मात्र या दोन वाक्यांत बरंच अंतर आहे. पहिल्यात वीस-पंचवीस जण टेबलाभोवती बसलेले असतात, समोरची टिपणी त्यांनी वाचलेली असते (निदान चाळलेली असते), कुणीतरी थोडी कुरकुर केलेली असते आणि मग काहीतरी ठरलेलं असतं. दुसऱ्यात एकाने ठरवलेलं असतं आणि बाकीच्यांनी मागाहून मान डोलावलेली असते. शेवटी निघणारा आदेश दोन्ही वेळा सारखाच दिसतो, त्यामुळे बाहेरच्याला पत्ता लागत नाही.

म्हणून या विषयाकडे बघताना मी एकच प्रश्न विचारतो. बैठक आधी झाली, की निर्णय आधी झाला? उत्तर दर वेळी मिळतंच असं नाही. पण जिथे मिळतं तिथे त्या सरकारात पंतप्रधान आणि मंत्री यांचं नातं काय आहे, हे राज्यशास्त्राच्या जाड पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

सभागृहाच्या पोटातून आलेलं सरकार

आधी पाया पक्का करू. अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक वेगळी आणि काँग्रेसची वेगळी. अध्यक्षाचे मंत्री हे त्याचे मदतनीस असतात आणि त्यांना काँग्रेसचं सदस्य राहता येत नाही. धोरण आवडलं नाही म्हणून काँग्रेस अध्यक्षाला घरी पाठवू शकत नाही. त्याची चार वर्षं ठरलेली.

संसदीय पद्धतीत मतदार पंतप्रधान निवडतच नाही. तो फक्त आपला खासदार निवडतो. सभागृहातलं बहुमत ज्याच्या पाठीशी असेल, त्याला राष्ट्रप्रमुख, मग तो राजा असो की राष्ट्रपती, सरकार बनवायला बोलावतो. आणि ते बहुमत ज्या दिवशी सटकतं त्या दिवशी सरकार पडतं, मुदत किती का शिल्लक असेना. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७० असं एका मताने हरलं. त्या एका मताने पंतप्रधानांबरोबर सगळे मंत्री गेले. एखाद्या मंत्र्याचं काम कितीही चांगलं असलं, तरी त्याला ‘तुम्ही थांबा’ म्हणायची सोय नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ७५ मध्ये हेच एका ओळीत लिहिलं आहे: मंत्रिपरिषद लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असेल.

मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, वर्तमानपत्रंही वापरतात. मंत्रिपरिषद म्हणजे सगळे मंत्री: कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री, साधे राज्यमंत्री. भारतात २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने या सगळ्यांवर लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर ८१ मंत्री. ही सगळी परिषद एकत्र बसून कारभार चालवत नाही, चालवूही शकत नाही. खरा कारभार चालतो तो आतल्या छोट्या वर्तुळात, म्हणजे मंत्रिमंडळात. राज्यमंत्र्याला या बैठकीचं बोलावणं आलं तर तेही त्याच्या खात्याचा विषय असेल तेव्हाच. शपथविधीच्या दिवशी टीव्हीवर जे मोठे फोटो येतात त्यांतले निम्म्याहून जास्त चेहरे त्या खोलीत एरवी नसतात.

मंत्री खासदारच असला पाहिजे, हेही सगळीकडे खरं नाही. भारतात सहा महिन्यांत कोणत्या तरी सभागृहात यावं लागतं. एच. डी. देवेगौडा १९९६ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा खासदार नव्हते. नेदरलँड्समध्ये नियम अगदी उलटा आहे. मंत्री झालात की खासदारकी सोडायची.

शिवी म्हणून सुरू झालेलं पद

पंतप्रधान हे पद कुणी बसून आखलेलं नाही. ब्रिटनमध्ये राजा स्वतः मंत्र्यांच्या बैठकीला बसायचा. जर्मनीतल्या हॅनोवरहून आलेल्या पहिल्या जॉर्जने १७१७ च्या सुमारास तिथे येणं बंद केलं. राजाची खुर्ची रिकामी झाली की कुणीतरी बैठक चालवायला हवी. ते काम हळूहळू खजिन्याचा प्रमुख असलेल्या रॉबर्ट वॉल्पोलकडे आलं. १७२१ ते १७४२ अशी एकवीस वर्षं तो त्या जागी होता आणि इतिहासात पहिला पंतप्रधान म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. गंमत म्हणजे त्या काळी ‘पंतप्रधान’ ही विरोधकांनी घातलेली शिवी होती. राजाचा अधिकार बळकावणारा, सहकाऱ्यांच्या डोक्यावर बसलेला, असा तिचा अर्थ. मी असा कुणी नाही, असं वॉल्पोलने भर सभागृहात सांगितलं होतं.

पुढे दीडशेहून जास्त वर्षं ब्रिटनमध्ये पंतप्रधान होते, साम्राज्य चालवत होते, पण पद म्हणून त्यांना औपचारिक मान्यता नव्हती. राजदरबारातल्या मानक्रमात ते आलं १९०५ मध्ये आणि संसदेच्या कायद्यात पहिला उल्लेख झाला १९१७ मध्ये. तोही एका बंगल्यासंबंधीच्या कायद्यात! आजही लंडनच्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या १० नंबरच्या घराच्या दाराला जी पत्रपेटीची फट आहे, तिच्यावर पंतप्रधान हा शब्द नाही. खजिन्याचा पहिला लॉर्ड, असं लिहिलेलं आहे.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगतो की ‘समानांमधला पहिला’ हे जे पंतप्रधानाचं वर्णन पाठ्यपुस्तकांत येतं, ते इथून निघालं. सगळे मंत्री राजाचे सल्लागार, दर्जा सारखा, त्यातला एक फक्त बैठक चालवणारा. आता हे वर्णन म्हणजे सभ्य थाप आहे असं माझं मत. जो बाकीच्यांना नेमतो, त्यांची खाती ठरवतो आणि त्यांना काढूही शकतो, तो त्यांच्या बरोबरीचा कसा असेल? आणि तरीही ते वर्णन अगदीच खोटं नाही. कसं, ते पुढे येईल.

खोलीच्या आत

पंतप्रधानाचे अधिकार म्हटले की आपल्याला मंत्री नेमणं, खातेवाटप, खांदेपालट हे आठवतं. ते मोठेच आहेत, पण सगळ्यांना दिसणारे आहेत. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते तीन अधिकार बाहेरून कारकुनी वाटतात: विषयपत्रिका, समारोप आणि इतिवृत्त.

एखादा विषय बैठकीपर्यंत कसा पोचतो ते बघा. खातं टिपणी तयार करतं. ती संबंधित खात्यांकडे फिरते. पैसा लागणार असेल तर अर्थखात्याकडे, कायदा लागणार असेल तर विधी खात्याकडे. प्रत्येकाचे शेरे टिपणीला जोडले जातात, त्यावर मूळ खात्याचं उत्तर जोडलं जातं आणि मग प्रकरण मंत्रिमंडळ सचिवालयाकडे येतं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते येणार की नाही, हे पंतप्रधानाच्या संमतीने ठरतं. नको असलेला विषय नाकारायची गरजच नसते. तो पत्रिकेवर आला नाही की झालं. वर्षभर न आलेल्या विषयावर कुणी राजीनामा देत नाही.

बैठकीत सहसा मतदान होत नाही. भारतात नाही, ब्रिटनमध्येही नाही. मंत्री बोलतात, कुणी बाजूने, कुणी आडून विरोधात. मग पंतप्रधान समारोप करतात: एकूण सूर असा दिसतो, तर अमुक ठरलं. हात मोजलेलेच नसल्यामुळे सूर कोणता लागला हे सांगणाऱ्याच्या हातात असतं. आठ जण विरोधात आणि सहा बाजूने असतील, पण त्या सहांमध्ये अर्थ आणि गृह असतील, तर सूर ‘बाजूने’ लागू शकतो. कोणी खूपच अडून बसला तर पंतप्रधान म्हणतात, तुम्ही तिघे बसून मार्ग काढा. यातून मंत्रिगट निघतात. भारतात आघाडी सरकारांच्या काळात त्यांचं पीक आलं होतं. २०१४ मध्ये सत्ताबदल झाल्यावर साधे २१ आणि अधिकारप्राप्त ९ असे एकूण ३० मंत्रिगट एका फटक्यात बरखास्त केले गेले. कामं भराभर होतील, असं तेव्हा सांगितलं गेलं. झालीही असतील. पण वाद घालायच्या तीस खोल्या बंद झाल्या, हेही तितकंच खरं.

आणि इतिवृत्त. १९१६ पर्यंत ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या बैठकीची अधिकृत नोंदच नसायची. पंतप्रधान राजाला हाताने पत्र लिहून काय झालं ते कळवायचे, तेवढाच कागद. काय ठरलं ते दोन मंत्र्यांना दोन प्रकारे आठवायचं. पहिलं महायुद्ध चालू असताना हे परवडणारं नव्हतं. लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाल्यावर सचिवालय आलं आणि निर्णय लिहून संबंधित खात्यांकडे धाडण्याची पद्धत पडली. त्यामुळे बैठकीला वजन आलं. जे लिहिलं जातं ते नाकारता येत नाही. पंतप्रधानालासुद्धा.

मोठे विषय तर पूर्ण मंत्रिमंडळाकडेही येत नाहीत, समित्यांतच मिटतात. भारतात सुरक्षाविषयक समितीत पंतप्रधान, गृह, संरक्षण, अर्थ आणि परराष्ट्र असे पाच जण. समितीत कोण बसणार ते पंतप्रधान ठरवतात. तेव्हा ‘मंत्रिमंडळाने ठरवलं’ म्हणजे नक्की किती जणांनी, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

एक सूर

बैठकीत काय वाटेल ते बोला, दाराबाहेर पडलात की सगळ्यांचं मत एकच. ही सामुदायिक जबाबदारी. ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नचा एक किस्सा सांगतात. धान्यावरच्या जकातीवरून बैठक उठत होती, मंत्री जिने उतरू लागले होते, तेव्हा त्याने दाराला पाठ लावून विचारलं की धान्य स्वस्त करायचं ठरलं की नाही ठरलं? काय सांगायचं ते सांगू, पण सगळे एकच सांगू या.

किस्सा म्हणून मजेदार आहे, पण त्यामागे ढोंग नाही, हिशेब आहे. सरकार एकत्र पडतं, म्हणून एकत्र बोलतं. एका मंत्र्याने जाहीरपणे सरकारच्या विरोधात बोलायचं ठरवलं तर सभागृहाने विश्वास नेमका कुणावर ठेवायचा? पटत नसेल तर राजीनामा द्यायचा. इराकच्या युद्धाला विरोध असलेले रॉबिन कुक १७ मार्च २००३ रोजी ब्रिटिश मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि त्याच संध्याकाळी मागच्या बाकावरून त्यांनी युद्धाविरुद्ध भाषण केलं. मंत्री म्हणून त्यांना हे करता आलं नसतं.

कधीकधी पंतप्रधानच हा नियम तात्पुरता उचलून ठेवतात. युरोपात राहायचं की नाही या प्रश्नावर १९७५ मध्ये हॅरल्ड विल्सन यांनी आणि २०१६ मध्ये डेव्हिड कॅमेरून यांनी मंत्र्यांना उघडपणे दोन्ही बाजूंनी प्रचार करू दिला. एवढा कडक नियम सोडला, कारण धरून ठेवला असता तर मंत्रिमंडळ मधोमध फाटलं असतं.

आता चिंतामणराव देशमुखांकडे येतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्याचे खासदार, नेहरूंचे अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय नेहरूंनी जाहीर केला आणि देशमुखांनी राजीनामा दिला. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं, एवढं आपल्याला माहीत असतं, आणि ते खरंच आहे. पण लोकसभेत त्यांनी जे निवेदन केलं त्यातला दुसरा मुद्दा मागे पडला. त्यांचं म्हणणं होतं की हा विषय मंत्रिमंडळापुढे आलाच नाही, टिपणी फिरवूनही कुणाचं मत घेतलं नाही, आणि या प्रश्नाशी ज्याचा उघड संबंध आहे अशा मला, एका मंत्र्याला, विचारलंही नाही. म्हणजे तक्रार फक्त मुंबईची नव्हती. निर्णय आधी झाला, बैठक झालीच नाही, ही होती. नेहरूंना हे मान्य नव्हतं. सरकारचं धोरण मांडण्याचा अधिकार पंतप्रधानाला आहे, असा त्यांचा पवित्रा होता.

दोघांपैकी बरोबर कोण? मुंबईचा प्रश्न १ मे १९६० रोजी सुटला. हा दुसरा प्रश्न सुटला नाही, कारण दोघांच्याही बाजूने बोलण्यासारखं होतं. आणि आज जे नियम आहेत त्यातला एक फारच लवचीक आहे.

नियम १२

भारत सरकारचं काम कसं चालावं यासाठी १९६१ ची कार्यनियमावली आहे. कोणता विषय मंत्रिमंडळापुढे यायलाच हवा, कोणता समितीपुढे, कोणता मंत्री स्वतः निकालात काढू शकतो, हे त्यात दिलं आहे. आणि बाराव्या नियमात म्हटलंय की पंतप्रधानाला आवश्यक वाटेल तिथे, आवश्यक वाटेल तेवढी, या नियमांतून सूट देता येईल. झालेली चूक मागाहून माफही करता येईल. मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घ्यायची. सरकारी भाषेत तिला कार्योत्तर मंजुरी म्हणतात.

असा नियम असायला हवाच. रात्री दोनला काही घडलं तर पंचवीस मंत्र्यांना गोळा करेपर्यंत थांबता येत नाही. प्रश्न तो कशासाठी वापरला याचा आहे.

२५ जून १९७५ च्या रात्री इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना पत्र पाठवलं. हा विषय मंत्रिमंडळापुढे नेला असता, पण आज रात्री ते शक्य नाही, म्हणून नियमावलीतून सूट घेत आहे, असा त्याचा आशय. राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. अटका रात्रीतच सुरू झाल्या. मंत्र्यांना बैठकीचं बोलावणं गेलं ते २६ तारखेच्या पहाटे, सहाच्या सुमारास बैठक भरली आणि मंत्रिमंडळाने आणीबाणीला मंजुरी दिली. कागदावर पाहिलं तर सगळं नियमात बसतं. मंत्रिमंडळाची मंजुरी आहे, राष्ट्रपतींची सही आहे. फक्त क्रम उलटा आहे.

दुसरा प्रसंग महाराष्ट्रातल्या वाचकांना आठवत असेल. १२ नोव्हेंबर २०१९ पासून राज्यात राष्ट्रपती राजवट होती. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठवली गेली आणि आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक त्याआधी झाली नव्हती; नियम १२ वापरला गेला आणि मंजुरी मागाहून आली. या दोन घटना तोलून एका मापात बसवायच्या नाहीत, एकीत देशाचं नागरी स्वातंत्र्य गेलं होतं आणि दुसरीतलं सरकार काही दिवसांत कोसळलं. पण यंत्र तेच होतं.

जपानमध्ये अशी पळवाट नाही. तिथे मंत्रिमंडळाचा निर्णय एकमताने व्हावा लागतो, प्रत्येक मंत्र्याची सही लागते. ऑगस्ट २००५ मध्ये टपाल खात्याच्या खासगीकरणाची विधेयकं वरच्या सभागृहाने फेटाळली, तेव्हा पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी यांनी खालचं सभागृह विसर्जित करायचं ठरवलं. कृषिमंत्री योशिनोबु शिमामुरा सही करेनात. समजूत काढूनही करेनात. मग कोइझुमींनी त्यांना पदावरून काढलं, कृषी खातं तेवढ्यापुरतं स्वतःकडे घेतलं आणि कृषिमंत्री म्हणून स्वतःच सही ठोकली. एकमत झालं! सप्टेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने ४८० पैकी २९६ जागा जिंकल्या, त्यामुळे हा प्रकार धाडसी म्हणून गाजला. हरले असते तर त्याला दुसरं नाव पडलं असतं.

ऑस्ट्रेलियाचे स्कॉट मॉरिसन यांनी तर याच्या पलीकडची गोष्ट केली. २०२० आणि २०२१ मध्ये त्यांनी आरोग्य, अर्थ आणि गृह यांसह पाच खात्यांचे मंत्री म्हणून स्वतःची नेमणूक करून घेतली, तीही मूळ मंत्री जागेवर असताना आणि जनतेला न सांगता. काही खात्यांच्या मंत्र्यांनाही पत्ता नव्हता की आपल्या खुर्चीवर अजून एक जण बसलेला आहे. गव्हर्नर जनरलच्या सह्या रीतसर होत्या. २०२२ मध्ये ते सत्तेवरून गेल्यावर हे बाहेर आलं, सभागृहाने त्यांच्या निषेधाचा ठराव केला आणि पुढे अशा नेमणुका प्रसिद्ध करण्याची सक्ती करणारा कायदा आला.

टेबलाची दुसरी बाजू

इतकं सगळं वाचून वाटेल की मंत्री म्हणजे नुसते सहीचे धनी. बहुतेक दिवस तसं असतंही. पण वर म्हटलं की ‘समानांमधला पहिला’ हे अगदीच खोटं नाही, ते अशासाठी.

नोव्हेंबर १९९० मध्ये मार्गारेट थॅचर यांना पंतप्रधान होऊन साडेअकरा वर्षं झाली होती. सलग तीन निवडणुका जिंकलेल्या. उपपंतप्रधान जेफ्री हाउ यांनी महिन्याच्या सुरुवातीला राजीनामा दिला आणि पक्षनेतेपदासाठी आव्हान उभं राहिलं. पहिल्या फेरीत थॅचर यांना २०४ आणि मायकल हेसेल्टाइन यांना १५२ मतं पडली. जिंकल्याच, पण नियमानुसार हवं असलेलं आधिक्य चार मतांनी हुकलं. दुसरी फेरी लढण्याचा त्यांचा निश्चय होता. २१ तारखेच्या संध्याकाळी त्यांनी संसदेतल्या आपल्या खोलीत मंत्र्यांना एकेकटं बोलावलं. एकापाठोपाठ एक मंत्री आत येत होता आणि बहुतेक जण थोड्याफार फरकाने तेच सांगत होते: माझा पाठिंबा आहे, पण तुम्ही जिंकणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्यांनी राजीनाम्याचं निवेदन वाचायला घेतलं आणि त्यांना रडू फुटलं. त्या मंत्र्यांना त्यांनीच नेमलं होतं. त्यांतल्या कुणालाही त्या काढू शकत होत्या, पण एका संध्याकाळी सगळ्यांना नाही.

जुलै २०२२ मध्ये हेच जास्त गोंगाटात झालं. ऋषी सुनक आणि साजिद जाविद यांनी ५ तारखेला राजीनामे दिले, मग रांग लागली, दोन दिवसांत पन्नासहून अधिक मंत्री आणि त्यांचे संसदीय सहायक बाहेर पडले. ७ तारखेला बोरिस जॉन्सन यांनी जात असल्याचं जाहीर केलं. काही खाती चालवायला माणूस उरला नव्हता. पंतप्रधानाला एक मंत्री बदलता येतो, दहा बदलता येतात. सगळेच निघाले तर जातो तो पंतप्रधान.

आघाडीत हे गणित अजून घट्ट होतं. मित्रपक्षाच्या वाट्याची खाती कुणाला द्यायची ते त्या पक्षाचा नेता ठरवतो, पंतप्रधान यादीवर सही करतात. काढायचं झालं तरी किंमत मोजावी लागते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी जर्मनीचे चॅन्सेलर (म्हणजे तिथले पंतप्रधान) ओलाफ शोल्झ यांनी अर्थमंत्री ख्रिश्चन लिंडनर यांना काढलं. अधिकार त्यांचाच होता. पण लिंडनर दुसऱ्या पक्षाचे प्रमुख होते, ते गेले आणि बहुमत गेलं. १६ डिसेंबरला शोल्झ विश्वासमत हरले आणि देश मुदतीआधी निवडणुकीला गेला.

जर्मनीने एक गोष्ट मात्र शहाणपणाने केली आहे. दुसरा चॅन्सेलर बहुमताने निवडल्याशिवाय तिथल्या संसदेला अविश्वास दाखवून पहिल्याला काढता येत नाही. नुसतं ‘हा नको’ चालत नाही, ‘तो हवा’ हेही त्याच मतात सांगावं लागतं. आजवर हे एकदाच यशस्वी झालं आहे, १ ऑक्टोबर १९८२ रोजी, हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले तेव्हा.

भारतात पंतप्रधानाचा मृत्यू झाला किंवा त्याने राजीनामा दिला तर मंत्रिपरिषदही त्याच्याबरोबर संपते, म्हणून २७ मे १९६४ ला नेहरू गेले त्याच दिवशी गुलझारीलाल नंदांना शपथ घ्यावी लागली. लालबहादूर शास्त्री गेले तेव्हाही तेच झालं.

राहता राहिली १९७५ ची ती रात्र. १९५० च्या मूळ संविधानात मंत्रिपरिषद हा शब्द होता, मंत्रिमंडळ हा नव्हता. तो आला १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद ३५२ मध्ये: केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणीची घोषणा काढणार नाहीत. कंसात मंत्रिमंडळ म्हणजे पंतप्रधान आणि कॅबिनेट दर्जाचे मंत्री, अशी व्याख्याही दिली आहे. आणीबाणीपुरता क्रम आता संविधानानेच बांधून दिला आहे, बैठक आधी आणि सही नंतर. कार्यनियमावलीतला बारावा नियम मात्र होता तिथेच आहे.